सात ग्रॅमचा फरक

अंजूरला खाडीच्या अंगाला मनोज भोईरांच्या वाडवडिलांची भाताची खाचरं होती. आता तिथे पत्र्याच्या गोदामांची रांग आहे आणि त्या रांगेतल्या चौथ्या गाळ्यात मनोजचं वर्कशॉप. कंटेनर, टेम्पो आणि रिक्षांमधून वाट काढत कुणी तिथवर पोचलाच, तर त्याला वाटावं, असेल एखादं पंप-मोटार दुरुस्तीचं दुकान. पण इथला माल अणुवीज केंद्रात जातो. वाफेचा दाब मर्यादेबाहेर चढला की उघडून ती वाफ सोडून देणारे सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, त्यांचं विजेवर चालणारं डोकं इथे जुळवतात. आत तांब्याच्या तारेची कॉइल, एक दट्ट्या, आणि बाहेरून आलेल्या वायरी जोडायला काडेपेटीएवढा एक ठोकळा. हे डोकं बंद करून डब्यात भरलं, तरी चंद्रा वरठाची सही झाल्याशिवाय डबा दाराबाहेर जात नाही.

चंद्रा अंबाडीच्या पुढच्या एका वारली पाड्यावरची. वडील येसू वरठा दुसऱ्याच्या शेतावर लावणी-कापणीला जायचे आणि पाऊस सरला की गवत कापायला. पाड्यावर वीज आली तेव्हा चंद्रा आश्रमशाळेत सातवीत होती. सुट्टीत घरी आली, तर घराघरांत एकेक दिवा लागलेला, आणि महिन्याभरात त्यांतले निम्मे बंद पडलेले. वायरमनची वाट बघून सगळे थकले, तेव्हा या पोरीने शेजारच्या घरातला मेन स्विच पाडून एक सैल वायर स्क्रूखाली घट्ट आवळली. दिवा लागला. येसूने आधी तिला खरपूस बोलून घेतलं आणि मग जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला तो दिवा दाखवला. दहावीनंतर ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बसली. वर्गात मुली दोनच, आणि दुसरी पहिल्याच सहामाहीत लग्न होऊन गेली.

पहिली नोकरी भिवंडीत, पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणाऱ्या दुकानात. तिथले उस्ताद आझमगडकडचे, पन्नास वर्षं तार गुंडाळलेले. त्यांनी तिला मीटर हातात द्यायच्या आधी वस्तू हातात घ्यायला शिकवलं. उचलून बघ, नख मारून आवाज ऐक, वास घे, मग मीटर लाव. चार वर्षांत चंद्राच्या बोटांना अशी सवय लागली, की जळकी कॉइल ती मोटार उघडण्याआधी सांगायची. मनोजने तिला कामावर घेतलं ते याच गुणावर. मुलाखतीला त्याने दहा कॉइल तिच्यापुढे ठेवल्या, त्यांतली एक मुद्दाम खराब होती. चंद्राने दोन बाजूला काढल्या. मनोज हसला, म्हणाला एकच आहे. दुसरी उघडून पाहिली, तर आतल्या थरात दोन वेढे एकमेकांना चिकटलेले. त्या दिवसापासून आज चौदा वर्षं झाली, ती तपासणीच्या टेबलावर आहे.

इथे आल्यावर तिला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. वस्तू चांगली असणं पुरत नाही, ती पात्र ठरलेली असावी लागते. म्हणजे त्या जातीचा नमुना आधी भट्टीत महिनोन् महिने तापवलेला असतो, किरणोत्सर्गाखाली ठेवलेला असतो, हादरवलेला असतो, शेवटी कोंडलेल्या वाफेत उकडलेला असतो, आणि इतकं सोसूनही तो आपलं काम करतो हे कागदावर सिद्ध झालेलं असतं. बाजारातला साधा ठोकळा रोजच्या कामाला तितकाच चांगला चालतो, वीस वर्षं चालतो. फरक पडला तर तो एखाद्याच दिवशी पडेल, केंद्रात काही बिघडून त्या खोलीत वाफ भरली तर. त्या दिवशी व्हॉल्व्हने सांगितल्याबरोबर उघडायला हवं. असा दिवस येऊ नये म्हणून शेकडो माणसं राबतात, आणि आलाच तर म्हणून चंद्रा ठोकळे तपासते. नवऱ्याला, शैलेशला, तिने हे एकदा असंच समजावून सांगितलं होतं. तो शेजारच्याच गोदामात मालाची नोंद ठेवतो. त्यानंतर बायको कामावरून उशिरा आली तरी त्याने कधी कटकट केली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत केंद्राकडून एक व्हॉल्व्हचं डोकं ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी परत आलं. त्याच्या तीन वर्षं आधी इथेच जुळवलेलं. बिघाड काही नव्हता, नुसत्या रबरी चकत्या बदलायच्या होत्या. चंद्राने झाकण उघडलं, वायरी सोडवल्या, ठोकळा बाहेर काढून टेबलावर ठेवला. ठेवताना जो आवाज झाला, तो तिला खटकला. नेहमीचा ठोकळा टेबलावर ठेवला की दगड ठेवल्यासारखा वाजतो. हा पोकळ वाजला.

तिने कपाटातून नवा ठोकळा काढला. दोन्ही तळहातांवर एकेक घेतला. तोच तपकिरी रंग, तेवढीच लांबी, तितकेच स्क्रू, छापील आकडेही जवळजवळ तेच. पण हातातला जुना हलका होता. दुकानात मसाला मोजायला असतो तसला छोटा काटा वर्कशॉपमध्ये होता. नवा भरला एकेचाळीस ग्रॅम, जुना चौतीस. भिंगाखाली धरल्यावर दिसलं, की कंपनीच्या खुणेनंतर जे एक बारीक अक्षर असायला हवं, ते जुन्यावर नव्हतंच.

तो बाजारी ठोकळा होता. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला लूमसाठी स्विचचे पॅनेल बनतात, त्यांत हेच ठोकळे बसवतात.

चंद्राने खुर्ची मागे सारली आणि तीन वर्षांपूर्वीची फाइल काढली. तपासणी कार्ड सापडलं. खाली सही होती, चं. ये. वरठा, तिची स्वतःचीच. त्या पेटीत पन्नास ठोकळे आले होते. नियमाप्रमाणे तिने पाच उचलून तपासले होते, पाचही बरोबर निघाले होते, आणि तिने पेटी पास केली होती. नंतर कधीतरी स्टोअरमध्ये मागच्या बाजूचे ठोकळे याच खणात पडले असणार. सही खोटी नव्हती. पण ती सही ज्याची हमी देत होती, ते खरं उरलं नव्हतं. तिचे कान तापले. एवढ्या वर्षांत तिच्या सहीचा माल परत आला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला मनातून गर्व होता.

तिने पहिलं काम केलं ते स्टोअरच्या खणाला लाल चिठ्ठी लावण्याचं. स्टोअर सांभाळणारे रामनाथकाका वयाने मोठे, मनोजच्या वडिलांच्या शेतीच्या काळापासून घरातले. त्यांनी विचारलं काय झालं. तिने सांगितलं. त्यांनी खण ओतला, दोघांनी मिळून एकेक ठोकळा काट्यावर ठेवला. चौसष्टांतले एकोणीस हलके निघाले. रामनाथकाकांचा चेहरा उतरला. त्या वर्षी दिवाळीच्या आधी खण साफ करायला काढले होते, तेव्हा आपणच दोन डबे एकात ओतले असतील, असं ते पुटपुटले. दिसायला एकसारखेच तर होते. चंद्राने त्यांना एवढंच म्हटलं, की माझ्याही डोळ्यांखालून गेलेत.

मग नोंदवही. त्या पेटीनंतरच्या सहा आठवड्यांत बारा डोकी जुळवून केंद्राला गेली होती. त्यानंतर या खणातला ठोकळा कुठल्याच डोक्यात बसला नव्हता. एक टेबलावर उघडं पडलं होतं. उरली अकरा.

ती मनोजच्या केबिनमध्ये गेली आणि दोन्ही ठोकळे त्याच्या टेबलावर ठेवले. मनोज शेतकऱ्याचा मुलगा, जमिनीवर गोदामं बांधून भाड्यावर आरामात जगता आलं असतं, पण त्याने हट्टाने हे वर्कशॉप उभं केलं. केंद्राची मान्यता मिळवायला त्याला सहा वर्षं लागली होती, आणि त्या मान्यतेच्या नूतनीकरणाची तपासणी पुढच्याच महिन्यात होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की सर्व्हिसिंगच्या नावाखाली आपण उरलेली अकरा एकेक करून मागवून घेऊ, गुपचूप बदलून देऊ. काम तेच होईल, ठोकळे निघतील, मग बोभाटा कशाला.

चंद्राला हे अगदीच चुकीचं वाटलं असं नाही. माणूस घाबरला की असंच बोलतो, हे तिला कळत होतं. तिच्याही मनात क्षणभर तेच येऊन गेलं होतं.

ती म्हणाली, "दादा, अकरा येईपर्यंत दोन वर्षं जातील. तोवर तिकडच्या माणसांना माहीतच नसणार, की आपल्याकडे काय बसलंय. ते त्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून बसलेत. कार्डावर सही माझी आहे. पत्रात पहिलं नाव माझं लिहा, पण पत्र आजच जाऊ द्या."

मनोजने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोरच केंद्राच्या गुणवत्ता विभागाचा नंबर लावला. पलीकडे चांगदेव बोरसे नावाचे अधिकारी होते, शांत आवाजाचे. त्यांनी ना आरडाओरडा केला, ना दिलासा दिला. डोक्यांचे अनुक्रमांक विचारले, शंका कशावरून आली ते विचारलं, आणि जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत लिहून पाठवा म्हणाले. फोन ठेवल्यावर मनोजने कपाळ पुसलं आणि चंद्राला चहा मागवायला सांगितला. तेवढ्यात स्वतःच उठून चहा सांगायला गेला.

पत्र चंद्राने लिहिलं. काय सापडलं, कसं सापडलं, कुठल्या बारा डोक्यांमध्ये असू शकतं, आणि आपली तपासणी कुठे कमी पडली, असं क्रमाने. चुकीचं खापर तिने कुणाच्या नावावर फोडलं नाही, पण लपवलंही काही नाही. रामनाथकाकांनी ते पत्र वाचायला मागितलं, वाचलं, आणि आपली सही खाली स्वतःहून केली.

तिसऱ्या दिवशी बोरसे साहेब स्वतः आले. त्यांनी सांगितलं, की अकरांपैकी सहा डोकी केंद्राच्या स्टोअरमध्येच आहेत, त्यांना तिथल्या तिथे कुलूप लागलं. पाच मात्र बसवलेली आहेत. त्यांच्या अभियंत्यांनी दोन दिवस बसून हिशेब मांडला होता. त्या प्रत्येक व्हॉल्व्हला जोडीदार आहे, शिवाय वीज नसली तरी नुसत्या दाबाने उघडण्याची वेगळी सोय आहे, म्हणून अकरा दिवसांनी देखभालीसाठी केंद्र बंद व्हायचं आहे, तिथपर्यंत थांबता येईल. पण तोवर त्या पाचांवर रोज नजर राहील. हे सगळं कळलं नसतं तर, असं काही ते बोलले नाहीत. मग त्यांनी चंद्राला विचारलं, की झाकण उघडून नुसतं बघून हे ओळखता येईल का. तिने दोन ठोकळे त्यांच्या दोन हातांत दिले आणि डोळे मिटायला सांगितले. साहेबांनी दोनदा हात बदलले आणि कबूल केलं, की आपल्याला नाही सांगता येत.

"मग तुम्हीच चला," ते म्हणाले. "काटा आमच्याकडे आहे. पण काट्यावर ठेवण्याआधी ज्याला शंका येते, ते माणूस मला तिथे हवंय."

केंद्र बंद झालं, तेव्हा चंद्रा तिथे चार दिवस होती. आत जायच्या आधी अंगावर वेगळे कपडे, पायांत वेगळे बूट, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला. दर वेळी बाहेर पडताना यंत्रात उभं राहून अंग तपासून घ्यायचं. बारा वर्षं ती ज्या व्हॉल्व्हची डोकी हातात घेत होती, ते आख्खे व्हॉल्व्ह तिने कधी पाहिलेच नव्हते. पुरुषभर उंचीचे, जाड पोलादी, रांगेने उभे. त्यांच्या माथ्यावर इवलासा डबा, तो मात्र तिने लगेच ओळखला. आतून उतरवलेली डोकी तिथल्या वर्कशॉपमध्ये पांढऱ्या कापडावर मांडली गेली. चंद्राने एकेक उघडलं. बसवलेल्या पाचांतली दोन आणि स्टोअरमधल्या सहांतली तीन बाजारी ठोकळ्याची निघाली. दर वेळी तिने आधी हातात घेऊन सांगितलं, मग काट्यावर ठेवलं. अकराही वेळा काट्याने तिचंच म्हणणं खरं केलं. चौथ्या वेळेपासून तिथले तंत्रज्ञ काम सोडून बघायला उभे राहू लागले.

नवे ठोकळे तिने स्वतः बसवले. स्क्रू किती आवळायचा त्याचा पानाही ठरलेला असतो. तो वापरून, दर स्क्रूमागे वहीत खूण करून. शेवटच्या दिवशी पाचही डोकी जागेवर बसली आणि चाचणी झाली. बोरसे साहेबांनी तिला नियंत्रण कक्षाच्या काचेबाहेर उभं केलं. आत एका बाईने एक बटण दाबलं, समोरचा दिवा हिरव्याचा लाल झाला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला. पुन्हा दाबलं, हिरवा झाला. असं पाच वेळा. आवाज काहीच नाही, नुसता दिवा. चंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

काढलेल्या बाजारी ठोकळ्यांतले तीन प्रयोगशाळेत गेले, सोबत तीन खरे. वाफेच्या कोठडीतून बाहेर आले तेव्हा खऱ्यांचा नुसता रंग गडद झाला होता. बाजारी तिन्ही मऊ पडून वाकले होते, त्यांतल्या दोन ठोकळ्यांच्या आतल्या धातूच्या पट्ट्या सरकून वीज भलतीकडे झिरपत होती. म्हणजे त्या दिवशी टेबलावर जो आवाज खटकला, तो खटकायलाच हवा होता.

एवढं होऊनही वर्कशॉपची मान्यता थांबवली गेलीच. नियम तो नियम. स्टोअरची सगळी व्यवस्था बदलून दाखवा, मग बघू, असं पत्र आलं. मनोजने ते पत्र चंद्राला वाचायला दिलं, आणि आता काय, हे तिलाच विचारलं. चार महिने केंद्राचं काम बंद होतं. त्याच काळात एका रविवारी ती पाड्यावर गेली. येसूच्या कानावर काहीबाही गेलं होतं. तो आता थकलाय, अंगणात बसून असतो.

"तुझा काम गेला का गं?" त्याने विचारलं.

"न्हाय बा. काम हाय. माझीच चूक मी सांगितली, म्हणून थोडे दिवस थांबवलाय."

"तू सांगितली नसती तर कुनाला कळला असता?"

"कुनालाच न्हाय."

"मंग तर बराच झाला," तो म्हणाला, आणि सुनेला हाक मारून लेकीसाठी तांदळाची भाकर टाकायला सांगितली. संध्याकाळी तिला गाडीवर बसवायला म्हातारा काठी टेकत फाट्यापर्यंत आला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्याने सांगितलं, की माझी चंद्री अणूच्या कारखान्यात जाऊन आली, साहेबांनी बोलावून नेली.

त्या चार महिन्यांत तिने वर्कशॉपची तपासणीची पद्धत नव्याने लिहिली. पेटीतले पाच नाहीत, पन्नासच्या पन्नास बघायचे. प्रत्येक ठोकळा वजनाला लावायचा, भिंगाखाली धरायचा. केंद्राचा माल वेगळ्या खोलीत, लूमचा माल गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि एका खणातून दुसऱ्यात काहीही ओतायचं नाही. खोलीची किल्ली कुणाकडे असावी यावर मनोज आणि ती बोलत असताना रामनाथकाका दारात आले आणि म्हणाले, की ती माझ्याकडे नको. चंद्रा म्हणाली, तुमच्याकडेच हवी, कारण आता तुमच्याइतकं जपणारं दुसरं कुणी नाही. काकांनी किल्ली घेतली. तेव्हापासून ते त्या खोलीत चहाचा कपसुद्धा नेऊ देत नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर बोरसे साहेब दोन माणसं घेऊन तपासणीला आले. दिवसभर त्यांनी वह्या, खण, काटे सगळं पालथं घातलं. खोट म्हणून एकच काढली, ती काटा प्रमाणित करून घ्यायची तारीख टळल्याची. मान्यता परत मिळाली. पुढे हिवाळ्यात केंद्राला माल पुरवणाऱ्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांची बैठक होती. मोठमोठ्या कारखान्यांची माणसं, कोट-टाय घातलेली. बोरसे साहेबांनी टेबलावर एक खरा आणि एक वाकलेला ठोकळा ठेवला आणि चंद्राला पुढे बोलावलं. ती साडीचा पदर खोचून उभी राहिली. मग तिने सांगितलं, मराठीत आणि मध्ये मध्ये हिंदीत, की माझ्या सहीने चुकीचा माल गेला होता आणि तो मला कसा सापडला. वीस मिनिटं बोलली. नंतर एका मोठ्या कारखान्याचे पिकल्या केसांचे तपासणी प्रमुख तिच्याजवळ आले. त्यांनी तिची लिहिलेली पद्धत मागितली, आणि खाली तुमचं नाव ठेवूनच वापरू म्हणाले. मागच्या रांगेत मनोज बसला होता. तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, की या आमच्याकडच्या.

परत आल्यावर मनोजने एक कागद टाइप करून भिंतीवर लावला. केंद्राचा कुठलाही माल थांबवण्याचा अधिकार चंद्रा येसू वरठा यांना आहे, आणि त्यांनी थांबवलेला माल मालकालाही पाठवता येणार नाही. खाली स्वतःची सही.

त्या अधिकाराची परीक्षा महिन्याभरातच झाली. चार डोकी डब्यांत भरून टेम्पोत चढली होती, ड्रायव्हर बसून होता, आणि वेळ आधीच टळून गेली होती. चंद्रा कागद शेवटचे चाळत होती. एका ठोकळ्याच्या पात्रतेच्या दाखल्यावर जो अनुक्रमांक होता, त्यातला एक आकडा ठोकळ्यावरच्या आकड्याशी जुळेना. तीनच्या जागी आठ. टायपिंगची चूक असणार, मनोज म्हणाला, माल तर आपण तोललाय, वजन बरोबर आहे, आज जाऊ दे, दाखला उद्या मागवू.

"वजन बरोबर आहे," चंद्रा म्हणाली. "कागद बरोबर नाही. आज नाही जाणार."

मनोजने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग तो वैतागून बाहेर गेला, टेम्पोची मागची फळी स्वतः खाली पाडली आणि पहिला डबा खांद्यावर घेतला. दुसरा रामनाथकाकांनी घेतला. चंद्राने फोन उचलून दाखला देणाऱ्यांचा नंबर लावला.